तेवीस नंबरचं सीलंट

कॅम्पग्राउंडचा नियम फाटकावरच्या पाटीवर आहे.
पाटी दर वसंतात मीच रंगवतो:
चौदा रात्री. पंधराव्या सकाळी जागा रिकामी.
त्याबदल्यात मला वीज फुकट, पाणी फुकट,
एक पिवळं जॅकेट,
आणि लोकांना उठवायचं काम.

मी स्वतः अकरा वर्षं घराविना.
घराविना म्हणजे, घर आहे, बत्तीस फूट लांब,
त्याला सहा चाकं आणि दर आठवड्याला एक दुखणं.
मॉरीन म्हणते, विंचवाचं बरं,
त्याच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाला मैल्याची टाकी नसते.

तेवीस नंबरवर इडेला टॉर्गरसन.
वय एक्क्याऐंशी. गाडी तिच्याहून पन्नास वर्षांनी लहान
आणि जास्त थकलेली.
एक मांजर, नाव डेप्युटी.
आली त्या दिवशी चाकाखाली फळ्या सरकवत होती,
मी वाकलो तर म्हणाली, "बाजूला हो,
माझा उतार मला माहीत आहे."
ओट्यावर वाटीत पाणी ठेवून बघायची
ते कुठल्या काठाला चढतंय.
लेव्हल नेवाडात पडून फुटली. वाटी नाही फुटली.

चौदाव्या संध्याकाळी मी कागद घेऊन गेलो.
वाक्य बोलून बोलून गुळगुळीत झालंय:
उद्या अकरापर्यंत, बरं का.
काही शिव्या देतात, काही बायकोचं ऑपरेशन सांगतात,
एकानं मला अर्धं कलिंगड दिलं होतं.
इडेलानं विचारलं, "कुठे?"
भांडायला नाही. खरंच,
मोंटानाचा नकाशा मांडीवर पसरून,
बोटानं निळे ठिपके शोधत.

तिच्या पलंगावर छताला एक डाग होता,
तपकिरी, कडा ओली.
खाली पातेलं.
डेप्युटी त्यातलंच पाणी पीत होता.

मी शिडी आणली.
खालून सगळं पुसलेलं, पडद्यांना इस्त्री;
वर झरोक्याभोवती सीलंट भेगाळलेलं, टाचेसारखं,
भेगांवर चंदेरी चिकटपट्टी,
पट्टीवर पेननं तारीख: नऊ जून, गेल्या वर्षीची.
अक्षर तिचंच.
म्हणजे ऐंशीव्या वर्षी ही बाई इथं चढली होती,
तोंडात पेन धरून.
मी वरून काही बोललो नाही.

जुनं खरवडलं, प्लास्टिकच्या पट्टीनं, हळू,
रबराचं छत फाटायला नको.
स्पिरिटनं पुसलं. तळ्यावरून वारा येत होता,
कॉटनवुडची पिवळी पानं ओल्या सीलंटवर बसायला बघत होती,
एक हात त्यांना हाकलण्यात गेला.
खाली ती रिकामी ट्यूब धरून मोठ्यानं वाचत होती,
चष्मा न लावता:
"अठ्ठेचाळीस तास कोरडं ठेवा.
गाडी हलवू नये."

खाली उतरल्यावर ट्यूब मी हातात घेतली.
अठ्ठेचाळीस तास होते.
हलवू नये, असं कुठं नव्हतं.
मग मीही चष्मा काढून खिशात ठेवला.

वहीत लिहिलं: तेवीस. सीलंट ओलं. हलवता येत नाही.

मंगळवारी ऑफिसातून तरुण पोरगा आला, कॅलम,
वही उलटली, बोट तेवीसवर थांबलं.
"चार दिवस झाले. अजून ओलं?"
म्हटलं, सप्टेंबर आहे. थंडीत वेळ लागतो.
त्यानं तेवीसकडे बघितलं.
ती बाहेर खुर्चीत बसून फळीवरचा चिखल सुरीनं काढत होती.
"माझ्या आजोबांच्या ट्रेलरलाही लागायचा," तो म्हणाला,
आणि सही केली.

गुरुवारी सहाच्या आधीच ती गेली.
निरोप नाही. खडीवर फळ्यांचे चार चौकोन,
आणि आमच्या पायरीवर नवीकोरी ट्यूब,
चिकटपट्टीवर पेननं तारीख घातलेली.
मॉरीननं ती हत्यारांच्या पेटीत टाकली.

त्या रात्री पाऊस आला.
मी उताणा पडून छताकडे बघत होतो.
"आपलं नाही गळत," मॉरीन म्हणाली.
म्हटलं, माहीत आहे.