रंगीत तालीम

गुदेबियाची गल्ली, रात्रीचे साडेबारा,
शटर अर्धं खाली.
नोकने तांदळाचं पोतं मधोमध ओढलं,
त्यावर बसली, पदर नसताना पदर सावरल्यासारखी,
आणि म्हणाली, "मी आता माझी आई."

मी या हॉटेलचा हिशेबनीस, दामोदर.
ती मला पी दा म्हणते. पी म्हणजे थोरला.
वर्षभर मला 'पीडा' ऐकू यायचं,
आणि मनात म्हणायचो, बरोबर ओळखलंस बाई,
पगारातून उचल कापणारा मीच.

शेठ मला तांदळाच्या सौद्याला धाडतोय,
उदोनच्या बाजूला, चार दिवस.
तिथून तिचं गाव तासाभरावर.
तिची स्वतःची रजा दुसऱ्यांदा पुढे गेली.
ती नोंदही माझ्याच अक्षरात आहे.

"ये आत."
फ्रीजरपाशी चपला काढल्या.
दोन फरश्यांमधली फट म्हणजे उंबरा.
"त्यावर पाय नको. ओलांड."
एवढं येतं गं मला, आमच्याकडेही…
"बोलू नकोस. हात जोड."
जोडले, छातीशी.
"हे बरोबरीच्यांना. आईला नाकापर्यंत.
भिक्खूंना भुवयांपर्यंत.
आणि मान अशी ताठ? वसुलीला आलायस?"

डावा गुडघा माझा जुना दुखरा.
बसताना पाय पसरला गेला,
तळवा सरळ तिच्याकडे.
ती काही बोलली नाही.
पोत्यावरच फिरली आणि पाठ केली.
म्हटलं, पाय लागला तर आम्ही लगेच नमस्कार करतो.
"मग लागायच्या आधी कर," भिंतीकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने गल्ल्यातली नोट उडाली
आणि माझा पाय, तीस वर्षांची सवय, धप्पकन तिच्यावर.
नोकने डोळे मिटले.
"घोडे छापलेला दिनार होता म्हणून वाचलास.
आमच्या नोटेवर राजा असतो.
तिथे उडाली तर पळ तिच्यामागे, वाकून उचल,
नाहीतर जाऊ दे."
जाऊ दे? हे मला सगळ्यात अवघड.

मग जेवण.
चमचा उजव्या हातात, काट्याने फक्त ढकलायचं,
काटा तोंडात घालणं वाईट दिसतं.
मी नीट शिकलो, तशी म्हणाली,
"हे बँकॉकला. आईकडे हातानेच.
चिकट भात, बांबूच्या करंडीतून,
लहान गोळा कर, दाब, बुडव."
माझी बोटं सुटली एकदाची.
"आणि करंडीचं झाकण आठवणीने लाव.
उघडं राहिलं तर नवरा-बायको वेगळे होतात."
झाकण नसलेला हात तिने हवेत दाबून लावला.
"आई एकदा विसरली होती."

मग आवाज म्हातारा करून विचारलं,
"किन खाव लेव बो?"
म्हणजे काय?
म्हणजे, जेवलास का.
मी हसलो. देवरुखहून येणाऱ्या प्रत्येक फोनचं
पहिलं वाक्य हेच.
तीही हसली, पण आईसारखं,
आणि आईच्याच आवाजात, आमच्या त्या
अर्ध्या हिंदी अर्ध्या अरबीत विचारलं,
"आणि ती कधी येतेय?"

हे तालमीत नव्हतं.
पोत्यावरची बाई माझ्याकडे बघत राहिली.
माझा हात उचलला गेला, आमच्यात अशा वेळी
डोक्यावरून हात फिरवतात,
आणि मधेच आठवलं,
डोक्याला हात नाही, पोराच्यासुद्धा,
हा तर तिने शिकवलेला पहिला नियम.
वर गेलेल्या हाताला काम हवं
म्हणून मी पंखा बंद केला.

शांततेत फ्रीजर गुरगुरला.
बऱ्याच वेळाने नोक म्हणाली, स्वतःच्या आवाजात,
"म्हणायचं, अजून जेवलो नाही."
अगं, सौदेवाला जेवू घातल्याशिवाय सोडेल का?
"तरी म्हणायचं. ती उठेल,
चूल पेटवेल, कोंबडीमागे धावेल.
विचारलेलं विसरेल."

मी मान हलवली.
"मान नाही. तोंडाने म्हण."
म्हणालो.
"खोटं वाटतंय. चल, परत पहिल्यापासून.
चपला घाल आणि बाहेर जा."