चावतो

फैजपूर सोडून पाच मिनिटं झाली नव्हती,
बामणोदच्या अलीकडे, केळीच्या बागेला लागून
मी गाडी बाजूला घेतली.
पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही, म्हणालो.
मे महिना. साडेअकरा वाजलेले.
भुसावळला बारा पस्तीसचा मुहूर्त, मावसभावाचा.
हेमलता कालच पुढे गेलेली, हळदीला.

मागे रेवती. वय वर्षं चार.
तिच्या त्या खास खुर्चीत,
जिला आबा पाळणा म्हणतात
आणि गल्ली म्हणते, पैसा जास्त झाला.
हात छातीशी घट्ट. दात त्याहून घट्ट.

आबा पुढच्या सीटवर. खिडकीशी बोलावं तसं बोलले,
कायले रडावतो तिले?
तू लूनावर पुढे उभा राहून यावलले जायचा,
काय झालं तुले?

काही नाही झालं.
हनुवटीखाली तीन टाके आहेत फक्त,
दाढी करताना ब्लेड अजून तिथे थबकतं.

आधी समजावलं.
मग चॉकलेट. ते तिने खाल्लं.
मग म्हणालो, तो बघ पोलीस.
पोलीस नव्हता. डोक्याला पंचा बांधलेला एक माणूस
बागेतून घड खांद्यावर घेऊन येत होता.
तिने त्याला हात हलवला.
मग मोजलं. एक. दोन. अडीच.
पावणेतीन.

तीनच्या जागी माझा हात होता.

केळीचा ट्रक गेला, गाडी हलली आणि पुन्हा स्थिर झाली.
आबांनी कानातलं मशीन काढून
खिशात ठेवलं.
रेवती मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं.
ती काचेकडे तोंड करून म्हणाली,
तो चावतो.

कोण?

तिने बोट दाखवलं.
मी मागे वाकून बकलला हात लावला
आणि झटक्यात काढून घेतला, तव्यावरून काढावा तसा.
सकाळपासून गाडी अंगणात उन्हात उभी.
काल तशीच. परवाही.
परवापासून ती मला सांगत असणार.
मला त्यातलं फक्त नाही ऐकू आलं.

घडवाला माणूस जवळ आला. पंक्चर का भाऊ?
नाही, म्हटलं. पोरगी.
त्याने खुर्चीत बघितलं, बकल बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.
बागेत गेला. आतल्या सावलीतलं,
पाटाच्या पाण्यात बुडवलेलं पान घेऊन आला,
त्यातला हातभर तुकडा फाडून
बकलभोवती गुंडाळला, जखमेला गुंडाळावा तसा.
थांबा जरासं, म्हणाला.
आम्ही थांबलो. सुभान तडवी त्याचं नाव.
वाघोद्याला त्याच्या तीन नाती आहेत.

पान निघालं. रेवतीने बोटाने आधी तपासलं,
मग ओठाने.
मग तिचं तिनेच लावलं. खटक.

पप्पा, तुमचा?

माझ्या खाचेत एक खोटं बकल होतं.
जळगावच्या दुकानातून चाळीस रुपयांना आणलेलं,
गाडीने टुंग टुंग करू नये म्हणून.
ते उपसून काढलं. ठेवायला जागा सुचेना,
चॉकलेटच्या कागदाशेजारी ठेवलं.
पट्टा ओढला. तीन वर्षं गुंडाळलेला,
कुरकुरत आला, अर्ध्यावर अडला, पुन्हा आला.
चावलं? तिने विचारलं.
हो.
बरं, म्हणाली.
चाळीस-पन्नासच्या वेगाने आम्ही पोचलो
तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

मंडपात प्रत्येक जण मला एकदा थांबवत होता.
पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत
तीन वर्षांची धूळ, तिरपी, पट्टीने आखल्यासारखी.
काय हो, कुठला हा बिल्ला?
मी हसत होतो.
रेवतीच्या फ्रॉकखाली, मांडीवर,
चार बोटं.

हेमलताने दोन्ही बघितलं.
आधी मांडी. मग शर्ट.
काही बोलली नाही, पाण्याच्या पिंपाकडे गेली,
रुमाल भिजवून आणला.
मी शर्टाची बाजू पुढे केली.
ती माझ्यासमोरून गेली
आणि लेकीपाशी खाली बसली.