ओष्ठ्य

चियातुराच्या खाणकंपनीला एक माणूस हवा होता,
पगार न घेणारा, न खोकणारा,
दोन मिनिटं चाळीस सेकंद बोलून गप्प बसणारा.
तो आम्ही कुताइसीत बनवला,
जुन्या मोज्यांच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर,
जिथे हीटर एकच आहे आणि तो कॉम्प्युटरपाशी असतो.

बनवला ओतारीने.
नावच तसं; पितळ त्याने कधी वितळवलं नाही.
चेहरा म्हणजे आधी नुसती जाळी, चार हजार गाठी,
जाळीवर कातडी, कातडीवर दोन दिवसांची दाढी,
कारण गुळगुळीत माणसाचं खाणीत कोण ऐकतो.
आवाजाचं काम माझं. मी वाक्यं कापून द्यायचे,
सॉफ्टवेअर त्यांना तोंडं निवडायचं:
आ ला उघडं, ऊ ला चंबू,
बाकी सगळ्याला जरा जरा हललेलं काहीतरी.
श्वास मी आधीच काढून टाकलेले.
ओतारी म्हणाला, परत घाल, बुडालेला वाटतोय.

सोमवारी नाझिब्रोला आली, तपासायला.
एकतीस वर्षं खनिज दळायच्या गिरणीत;
कान तिथेच राहिले.
कोटावरचा बर्फ न झटकताच बसली,
पडद्याकडे बघितलं आणि हात वर केला.
"काय हा अवतार! अहो, याच्या तोंडात गरम बटाटा आहे."

ओठांत एक, पोटात एक,
अशी माणसं तिने ढिगानं वाचली होती.
याला तर पोटच नव्हतं.
शब्द होता पीरबादे.
धुळीचा मास्क; फोडून सांगायचं तर तोंडाचं जाळं.
प ला ओठ मिटतात, ब ला पुन्हा मिटतात,
आमचा माणूस दोन्हीकडे उघडाच.
"त्याला म्हणावं, आधी तोंड मिटायला शीक."

ओतारी रात्रभर ओठ मिटवत बसला.
फ्रेम एकशे बारा. फ्रेम एकशे एकोणीस.
फोनच्या काळ्या काचेत बघून स्वतःच प, ब, प, ब.
पहाटे कधीतरी वरचा ओठ खालच्यावर
खरोखर टेकला, किंचित चेपला,
मांस चेपतं तसा.
मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाझिब्रोलाने मान हलवली.
हं, आता कळतंय.
मग व्हिडिओ पुढे गेला. शेवटी
माणूस मास्क चढवतो, असं कंपनीनेच लिहून दिलेलं.
आम्हाला सोयीचं होतं: झाकलेलं तोंड हलवायला नको.
मास्कमागून तो आणखी बारा सेकंद बोलत राहिला,
नियम, दंड, सहीचा रकाना.
"इथे काय म्हणाला?"

मी लिहून दाखवायला गेले, तिने कागद बाजूला सारला.
गिरणी सुरू झाली की कुणालाच ऐकू यायचं नाही, म्हणाली.
तोंडं बघून बोलायचो आम्ही.
कुणाला मुलगा झाला, कुणी पाव आणलाय,
मागून ट्रॉली येतेय, सर.
मास्क होते की. चांगले होते.
बोलायचं असलं की खाली ओढायचो.
"एकतीस वर्षं बडबडले मी,"
आणि छातीवर दोनदा थोपटलं,
भरलेल्या पोत्यावर थोपटावं तसं.

ओतारीने ते बारा सेकंद पुसले.
त्या जागी तीन ठेवले: नुसते डोळे,
मग भुवया, मग हाताची एक खूण, सर.
खूण तिनेच शिकवली, मनगट धरून.

कंपनीने ते तीन सेकंद कापले.
विचारलं, पात्र बोलत का नाही? बिघाड आहे का?

फाईल अजून माझ्याकडे आहे.
आवाजाच्या पट्टीवर तिथे सरळ रेघ,
आणि रेघेच्या सुरुवातीला, खूप मोठं करून बघितलं तर,
एक श्वास.
पुढचं बोलणं पुसलं तेव्हा
तो काढायचा राहून गेला.