घडी

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, बॉयलरशेजारी उभी राहून
मी विमानातल्या ब्लँकेटांच्या घड्या घालते.
एका पाळीला नऊशे.
निळी दिल्लीची, राखाडी मस्कतची.
राखाडी झटकलं की खजुराची बी टणकन पडते,
कधी एकाच पायाचा मोजा, इवलासा,
कधी कुणीतरी चघळून ओला केलेला कोपरा.

मुंबई ते मस्कत पंधराशे सत्तर किलोमीटर,
दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं.
हे मला टिपणीसकाकांनी सांगितलं. ते पावत्या लिहितात
आणि जुन्या मापांवर त्यांचा जीव आहे.
"चोवीस मिनिटांची एक घडी, शमीम.
म्हणजे तुझा नवरा सात घड्यांवर."

सात तर सात.
त्या रात्री एक राखाडी घेतलं आणि मोजून पाहिलं.
निम्मं, पाव, अर्धपाव, छटाक.
पाचव्या घडीला कापड हट्टाला पेटलं,
सहावीला मी गुडघा रोवला,
सातवी काही झाली नाही.

काका म्हणाले, हिशेबात आणखी एक गोची आहे.
इथून चारला निघालेलं विमान
तिथे पाच अठराला टेकतं.
तिथून रात्री दहाला सुटलेलं मात्र
इथे दोन अठराला.
जाताना हाती लागलेला दीड तास
येताना भरून द्यावा लागतो.
"आणि जो येतच नाही, त्याचं?"
काकांनी पेनाला टोपण लावलं.

खलील तिथे पाण्याचा टँकर चालवतो.
चौदा महिने माझा दीड तास त्याच्याकडे पडून होता.

आला तो रमजानच्या आधी, एका बुधवारी.
दोन अठराला विमान आमच्या पत्र्यावरूनच गेलं असणार.
रोजच जातात. मी मान वर केली नाही.
फोन लॉकरमध्ये, पाळी सुटल्यावर मिळतो.

विमानतळ ते असल्फा चार किलोमीटर.
शिक्क्याची रांग, पट्ट्यावर न येणारी बॅग,
रिक्षावाल्याशी हुज्जत, मग चढण,
दोरीनं आवळलेलं खोकं डोक्यावर.
दाराशी पोचला तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं.
करा हिशेब, काका.
पुन्हा तेवढ्याच सात घड्या.
आणि दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

मी पावणेसातला चढून आले
तर पायरीवर हा, गुडघे छातीशी घेऊन.
"विमानात काय गारठा होता गं," पहिलं वाक्य हेच.
"ब्लँकेट मागितलं. पुढच्या पाच रांगांनाच देतात म्हणे.
मी सत्ताविसावीत."

मी काही बोलले नाही.
चार वर्षं, पाळीला नऊशे.
ती कुणाच्या अंगावर जातात
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

घरात एकच चादर, फुलाफुलांची, कडेनं उसवलेली.
ती घातली त्याच्यावर.
त्यानं झोपेतच तिचा बोळा केला
आणि छातीशी धरला,
एवढ्या घड्या घालणाऱ्या बाईच्या देखत.

त्याच्या मनगटावर अजून सव्वापाच वाजले होते.
मी काटे फिरवले नाहीत.
नळाला पाणी येतं सव्वासातला.
त्याच्या घड्याळाप्रमाणे त्याला दोन तास होते.
हंडे तसेच दारात ठेवून
मी बाजूला आडवी झाले.