बटाट्याचे डोळे

जुलैत दहा दिवस आम्ही दोघी शिकायला गेलो,
रोझली आणि मी,
वसतिगृहाच्या अरुंद खाटांवर, पन्नाशीत.
परतताना गाडीत सात वह्या
आणि रोझलीचं एकच पालुपद:
आधी मुलांना विचारायचं, मग शिकवायचं.

ऑगस्टात मेनच्या उत्तर टोकाला शाळा उघडली.
शुक्रवारची शेवटची तासिका मोकळी ठेवली
आणि विचारलं, काय जाणून घ्यायचंय तुम्हाला?
शांतता.
कुणीतरी म्हणालं, परीक्षेत येणार का हे?
मुख्याध्यापक दारातूनच घड्याळ बघून गेले.
सात वह्यांत या शांततेसाठी एकही पान नव्हतं.

चौथ्या शुक्रवारी एमिल बोलला,
जो हजेरीलाही नुसतं बोट वर करतो:
"तळघरात काळोख असतो.
मग बटाट्याच्या डोळ्याला कसं कळतं
उजेड कुठल्या अंगाला आहे?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी फळ्यावर लिहिलं:
मला ठाऊक नाही.
खडू मोडला.

मग काढणीची सुट्टी लागली, तीन आठवडे.
मुलं शेतात, पिंपं भरत, मातीने काळी.

ऑक्टोबरात एमिल आला तो बुटांचं खोकं घेऊन.
आत पुठ्ठ्याच्या भिंती, कोपऱ्यात एक भोक,
गेल्या वर्षीचा सुरकुतलेला बटाटा,
आणि त्याचा फिका, बोटाएवढा कोंब
दोन वळणं घेऊन तिसऱ्याशी थबकलेला.

आम्ही सगळे वाकलो. रोझलीने चष्मा पुसला.

"अजून पोचला नाही," तो म्हणाला,
"झाकण लावा, बाई."