प्ले

सियागंजातून आणलेला स्टँड
हकीमुद्दीनभाईंनी जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिला.
"दीदी, ये मशीन नहीं है. मशीन को पकड़ने वाला है."
एवढंच बोलले, आणि सुटे पैसे मोजत राहिले.

टेबलावर ठेवला.
खाली लोखंडी पाट, त्यावर एक उभा खांब,
बाजूला दांडा, आत स्प्रिंग,
आणि पुढे एक कडं.
त्यात माझं फिरतं यंत्र मान खाली घालून बसलं,
एकवीस वर्षं जे माझ्या उजव्या मुठीत घुमलं.

माझं काम छोटं आहे.
बिनफ्रेमच्या चष्म्यांना भोकं पाडते.
दोन नाकाकडे, दोन कानाकडे,
प्रत्येक सव्वा मिलिमीटर.
काच म्हणायची, असतं प्लास्टिकच.
घाई केली की वितळतं,
जोर केला की तडकतं,
आणि तडकलं की माझ्या खिशातून जातं.

पहिलं भोक एका टाकाऊ काचेवर पाडून पाहिलं.
टोक खाली आलं,
पण येता येता किंचित डावीकडे वळलं,
ओळखीचं कुणी दिसल्यासारखं.

यंत्र धरून हलवलं: टक्. टक्.
खांब आणि कडं यांच्यात जागा होती.
मिस्त्री लोक याला प्ले म्हणतात.
सरळ चालण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या वस्तूतही
तो असतो.

माझ्या बोलण्यातही आहे.
पुण्याची मामेबहीण फोनवर हसते,
"तू अजून 'करून राहिले' म्हणतेस गं!"
म्हणते.
चार पिढ्या या बाजारात चढली-उतरली माझी भाषा,
खांब सोडला नाही तिनं,
डुलते थोडी.

स्टँडचं मात्र तसं चालणार नव्हतं.

दुधाची पिशवी घडी करून घातली, मऊ पडली.
लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घातला, दांडाच अडकला.
मग कपाटामागून एक्स-रे काढला,
माझ्याच डाव्या गुडघ्याचा, मागच्या वर्षीचा.
डॉक्टर महाशब्दे तो उजेडाला धरून म्हणाले होते,
"इथे गॅप असायला हवा होता, बघा.
उरलाच नाही."

कात्रीनं बोटभर रुंद पट्टी कापली,
हाडाची कड जिथे काळ्यात विरते तिथली.
खांबाभोवती गुंडाळली, कडं आवळलं.
हलवलं.
आवाज नाही.

इथे नको इतकी जागा,
तिथे हवी तेवढीही नाही.
वाटणी कुणी केली, कोण जाणे.

तेलंगबाईंची काच घेतली. उणे सात,
कडेला चांगलीच जाड.
वर पारदर्शक टेप, टेपवर शाईचा ठिपका,
खाली सागाचा तुकडा,
आणि काच वाकडी म्हणून तिच्या पोटाखाली
पेन्सिलीचं थोटूक सरकवलं.
डाव्या हातानं काच दाबून धरली,
उजव्यानं दांडा.

दाब. सोड. दाब. सोड.
पांढरा भुगा गोल गोल वर आला,
जळकट गोडसर वास,
आणि टोक सागात शिरल्याचं मनगटाला कळलं.
काच उचलून भोकातून पाहिलं:
समोरच्या शिलाई दुकानाच्या पाटीतला
फक्त एक काना.
उभा. सरळ.

दांडा ओढायला दोन बोटं पुरतात.
बाकीची तीन
काम नसतानाही मिटलेलीच होती,
यंत्राच्या जाडीएवढी पोकळी धरून.
दुपारभर मिटलेली.

संध्याकाळी तेलंगबाई आल्या.
चष्मा चढवला, दारात गेल्या,
रामबागेच्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.
बराच वेळ.
"सरळ दिसतंय ना?" मी विचारलं.

"थांब ना," त्या म्हणाल्या,
"बघून राहिले."