मधला भाव

फोर्टात सहा दुकानं पालथी घातली.
प्रत्येक काचेवर दोन आकडे, घेणार आणि देणार.
स्विस फ्रँक: अठ्ठ्याण्णव वीस, एकशे तीन साठ.
वर लाल पाटी, कमिशन शून्य.

मी काटे जुळवणारी बाई.
सोनारांचे, औषधकंपन्यांचे, एक तर सुक्या बोंबलाच्या वखारीतला.
पारड्याखाली मेण कुठे चिकटवतात ते मला बोटांनी कळतं.
ह्यांचं मेण त्या पाच रुपये चाळीस पैशांत.

सहाव्या काचेमागचे लोखंडवाला म्हणाले,
विमानतळावर मात्र घेऊ नका ताई,
तिथे माणूस घाईत असतो, आणि घाईचा भाव वेगळा.
खरंच बोलत होते.
बोलताना स्वतःचा भाव मात्र दहा पैशांनीही उतरवला नाही.

ऑफिसात परेरा म्हणाला, कार्ड वापर.
तिकडचं मशीन विचारेल, रुपयांत कापू का?
फार गोड विचारतं. नाही म्हण.
पण बासेलच्या पहिल्या संध्याकाळी
ट्रामला, पाण्याला, चुकलेल्या पत्त्याला
हातात काहीतरी हवंच.
भत्ता कंपनी देणार,
परत आल्यावर, बिलं लावून, साहेबांची सही झाली की.
म्हणजे दिवाळीत.

चेंबूरला जिन्यात टिपणीसबाईंनी गाठलं.
फ्रँक हवेत ना तुला? माझ्याकडे पडलेत.
पडलेत, हाच शब्द.

नऊ दिवसांची सहल होती त्यांची.
चौथ्या दिवशी काका गेले.
अकराव्या दिवशी दोघं परतले,
एकाच विमानातून, वेगवेगळ्या कागदांवर.

शेवयांच्या डब्यातून पाकीट निघालं.
शंभराच्या तीन, विसाच्या दोन.
शंभराच्या नोटेवर ओंजळ आहे, पाणी झेलणारी.
हे म्हणाले होते, बघ कुमुद,
इकडेसुद्धा अर्घ्य देतात.

मग भावाचं आलं.
मी म्हटलं, एकशे तीन साठनं घेते, बाजारात तोच आहे.
का म्हणून? मी विकायला गेले तर मला अठ्ठ्याण्णवच देतील.
मी घ्यायला गेले तर माझ्याकडून एकशे तीन घेतील.
मग त्या चोराचं आपण दोघींनी वाटून घेऊ, म्हणाल्या,
आणि कॅलेंडर उलटं करून पेन्सिल चालवली.
शंभर नव्वद.
चौतीस हजार तीनशे सहा.
वरचे सहा रुपये त्यांनी सोडले नाहीत.
फुकट ने, असं म्हणाल्या नाहीत,
फार बरं केलं.
पावती नव्हती. हे कुठल्या कायद्यात बसतं
ते दोघींनीही विचारलं नाही.

नाणी त्यांनी ठेवून घेतली.
नाणी कुणीच बदलून देत नाही, फोर्टातसुद्धा नाही.
हे पाचाचं बघ, केवढं जड.
तळव्यावर घेतलं, आणि सवयीनं बोलून गेले,
तेरा ग्रॅम, किंचित वर.
एवढंच? म्हणाल्या.

घरी येऊन नोटा उलगडल्या तर आत चिठ्ठी.
काकांचं बारीक, तिरकं अक्षर:
सोम: पाणी ४
मंगळ: कॉफी दोन, १०.४०, बापरे
बुध: ट्राम, चॉकलेट, कुमुदचे मोजे २२
गुरु:
आणि त्या दोन टिंबांपुढे कोरं.

द्यायला वर गेले तर कुलूप.
भाचीकडे गेल्यात, नाशिकला.
फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आता रात्रीचे दोन वाजलेत.
सामान गेलं. शिक्का झाला.
समोर झगझगीत काचेवर फ्रँक एकशे दहा चाळीस,
आणि एक जोडपं घाईघाईत मोजून घेतंय.
साडेनऊ गुणिले तीनशे चाळीस:
तीन हजार दोनशे तीस वाचले माझे.
पुन्हा मांडून पाहिलं, तेवढेच.

नोटा पर्सच्या आतल्या कप्प्यात.
चिठ्ठी पासपोर्टात, व्हिसाच्या पानाला लागून.
बारा वाजून गेलेत,
म्हणजे गुरुवार लागला.